पहिला धडा स्वस्त का?

नोव्हेंबरचा पहिला रविवार. संध्याकाळचे साडेसहा. साताऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये माझी एक मैत्रीण व्हायोलिन लावून, लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून बसली होती. समोरचा पडदा रिकामा. न्यू जर्सीतली तिची नऊ वर्षांची विद्यार्थिनी दर रविवारी तिकडच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या साडेसहाला हजर असते. त्या दिवशी कुणीच आलं नाही. पावणेसात झाले, सात झाले. साडेसातला दोन कॉल एकदमच वाजले. एक न्यू जर्सीचा आणि दुसरा रियाधचा. रियाधमधला एक फार्मासिस्ट तिच्याकडे एका प्लॅटफॉर्मवरून इंग्रजी शिकतो, त्याची ती ठरलेली वेळ.

झालं होतं एवढंच, की अमेरिकेत त्या पहाटे घड्याळं एक तास मागे गेली होती. त्यांचे नऊ तेव्हापासून आपले साडेसात झाले. हे सांगायचं दोन्ही बाजूंच्या लक्षात राहिलं नव्हतं. व्हायोलिनवाल्या मुलीच्या आईला दोन वाक्यांत समजावून मैत्रीण इंग्रजीच्या तासाला पोचली, तोवर आठ मिनिटं उशीर झाला होता. रात्री मुलीच्या आईचा मेसेज आला, ‘अगं, आमचीच चूक. सांगायला हवं होतं. पुढच्या रविवारी घेऊ.’ प्लॅटफॉर्मकडून मेसेज वगैरे काही आला नाही. तिच्या नावापुढे ‘उशीर’ अशी नोंद पडली, यादीत तिचं नाव खाली सरकलं आणि पुढच्या आठवड्यात नेहमी अकरा असणारी बुकिंग्ज सहावर आली.

चूक एकच होती. एका ठिकाणी ती एका माणसाने समजून घेतली, दुसऱ्या ठिकाणी एका मोजणीयंत्राने टिपून ठेवली. ऑनलाइन शिकवून कमावणाऱ्या आपल्या पिढीची सगळी गोष्ट या एका संध्याकाळीत सापडते. म्हणून आज त्या दोन कॉल्सबद्दलच बोलू. इंग्रजीच्या आणि नवशिक्यांच्या व्हायोलिनच्या.

इंग्रजीचा बाजार

कॉलेज संपलंय, नोकरीचं अजून नक्की नाही, इंग्रजी बऱ्यापैकी आहे, मग ‘ऑनलाइन शिकवून बघू’ हा विचार हल्ली प्रत्येक मित्रमंडळींत कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतोच. त्यात चूक काहीच नाही. मागणी खरीच आहे. मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. आज पंचविशीत असलेल्यांनी दहा-दहा वर्षं हा विषय घेतलाय, तरी इंटरव्ह्यूला बसल्यावर तोंड उघडत नाही, ही तक्रार तालुक्याच्या गावापासून मुंबईपर्यंत सारखीच ऐकू येते. देशभरातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटावर झालेल्या ‘असर २०२३’ पाहणीत सुमारे ५७ टक्के मुलांनाच इंग्रजी वाक्यं वाचता आली. म्हणजे सुरुवातीपासून नीट शिकवणाऱ्याची गरज आपल्याच राज्यातल्या घराघरांत आहे.

पण फी जिथे मिळते तो बाजार वेगळा आहे आणि त्याचे नियम आपण ठरवत नाही. याचा सगळ्यात मोठा धडा चीनने दिला. बीजिंगमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या व्हीआयपीकिडसारख्या कंपन्यांनी अमेरिका-कॅनडातल्या हजारो शिक्षकांना घरबसल्या चिनी मुलांना इंग्रजी शिकवायचं काम दिलं. पहाटे चारला उठून शिकवणाऱ्या कितीतरी जणांचं घर त्यावर चाललं. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्यांवर बंदी आणली आणि देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घ्यायलाही मनाई केली. त्या शिक्षकांचं शिकवणं वाईट नव्हतं, विद्यार्थीही खूश होते. तरी काही महिन्यांत त्यांचं काम संपलं. दुसऱ्या देशाच्या एका आदेशाने.

आपल्याकडची गोष्ट फार वेगळी नाही. लॉकडाऊनच्या वर्षी, ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने व्हाइटहॅट ज्युनिअर ३० कोटी डॉलर्सला विकत घेतली तेव्हा ‘घरून शिकवा, कमवा’ हे वाक्य प्रत्येकाच्या फोनवर जाहिरात म्हणून येत होतं. घरी राहून काम शोधणाऱ्या शिकलेल्या मुलींना आणि बायकांना ते फार पटलं. चारच वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये बायजूजवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कंपनी मोठी आहे म्हणजे आपलं काम पक्कं आहे, हा हिशेब तिथेही चुकला.

आता पैशांचा साधा हिशेब. प्रेप्लीसारखा मोठा प्लॅटफॉर्म नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या ट्रायल तासाची पूर्ण फी स्वतःकडे ठेवतो. त्यानंतरचं कमिशन नव्या शिक्षकासाठी ३३ टक्क्यांपासून सुरू होतं आणि जास्त तास शिकवल्यावर १८ टक्क्यांपर्यंत उतरतं. समजा तुम्ही तासाला ४०० रुपये लावले. कमिशन जाऊन हातात राहिले २६८. त्या एका तासासाठी अर्धा तास तयारी आणि पाव तास मेसेजेस, गृहपाठ तपासणं धरलं, तर खरं काम झालं पावणेदोन तासांचं. म्हणजे तासाला पडले साधारण १५३ रुपये. त्यातून इंटरनेट, हेडफोन आणि वीज गेली की इन्व्हर्टर, हे सगळं तुमच्याच खिशातून. आणि गंमत बघा, सगळ्यात जास्त कमिशन कुणाकडून? जो सगळ्यात नवा आहे त्याच्याकडून.

त्यात आता तिसरा भिडू आलाय. डुओलिंगोने सप्टेंबर २०२४ मध्ये एआय पात्राशी व्हिडिओ कॉलवर बोलायची सोय आणली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्या प्रमुखांनी, जे काम एआय करू शकतं त्यासाठी कंत्राटी माणसं घेणं हळूहळू थांबवू, असं जाहीर केलं. रोजची पंधरा मिनिटं इंग्रजी बोलायचा सराव, हेच आपल्यातल्या अनेकांचं प्लॅटफॉर्मवरचं मुख्य काम. ते मशीन रात्री दोन वाजताही न कंटाळता करतं. त्यामुळे ‘मी फक्त गप्पा मारून इंग्रजी सुधारून देते’ एवढ्यावर उभं असलेलं काम येत्या काळात आणखी स्वस्त होत जाणार, हे मान्य करून पुढचा विचार करायला हवा.

व्हायोलिन पडद्यात मावत नाही

आता दुसरा कॉल. व्हायोलिन हे ऑनलाइन शिकवायला बहुतेक सगळ्यात अवघड वाद्य असेल. गिटारसारखे पडदे त्याला नसतात. बोट केसभर सरकलं तरी सूर हलतो. सूर लागलाय की नाही हे ऐकूनच ठरवायचं आणि नेमकं ऐकण्यातच सगळा घोळ. व्हिडिओ कॉलची अॅप्स माणसाचं बोलणं नीट पोचावं म्हणून बनवलेली असतात. बाकीचा आवाज त्यांना गोंगाट वाटतो. लांब ओढलेला एक सूर त्यांच्या लेखी पंख्याची घरघर. तो ती मध्येच गिळून टाकतात. झूमसारख्या अॅपमध्ये यासाठी ‘ओरिजिनल साउंड’ची वेगळी सेटिंग आहे. ती दोन्ही बाजूंनी लावावी लागते, नाहीतर विद्यार्थी छान वाजवत असतो आणि आपल्याला तुटक चिरके आवाज ऐकू येतात.

दुसरी अडचण वेळेची. दोन वादकांना एकत्र वाजवायचं तर आवाज पोचायला साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर चालत नाही. साध्या व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात जातो, समुद्रापलीकडे तर त्याहून जास्त. म्हणजे गुरूच्या जोडीने वाजवत शिकायची जी आपली जुनी पद्धत, तीच इथे बंद. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने म्यूट होऊन ऐकायचं, मग उलट.

आणि तिसरी अडचण हाताची. ती मैत्रिणीला दहा महिन्यांनी कळली. न्यू जर्सीची ती मुलगी डिसेंबरच्या सुट्टीत आजीकडे पुण्याला आली, तेव्हा एक दिवस साताऱ्याला येऊन गेली. समोर बसून तिने बो हातात घेतला आणि मैत्रिणीच्या लक्षात आलं की मुलीचा उजवा अंगठा काठीसारखा ताठ आहे. तो वाकलेला असायला हवा. ताठ अंगठ्याने मनगट आखडतं, मनगट आखडलं की सूर खरखरतो आणि पुढे खांदा दुखायला लागतो. दहा महिने ती त्या खरखरीचं कारण सांगत होती, ‘बो हलका ठेव, हलका ठेव.’ लॅपटॉपच्या समोरच्या कॅमेऱ्यात अंगठा बोटांच्या मागे लपलेला. तो दिसलाच नव्हता. तिने मुलीचा हात हातात घेतला, अंगठा वाकवून बसवला. दोन मिनिटं लागली. ‘दहा महिन्यांची फी घेतली मी,’ ती मला म्हणाली, ‘आणि हे दोन मिनिटांचं काम होतं गं.’

मला वाटतं, तिचं स्वतःला दोष देणं थोडं जास्त होतं. पण त्यातून जे दिसतं ते महत्त्वाचं आहे. नवशिक्याची चूक दिसत नाही तोवर ती पक्की होत जाते. वरच्या पातळीचा विद्यार्थी स्वतःची चूक स्वतः ऐकू शकतो, सांगितलं की सुधारूही शकतो. नवशिक्याचे कान, हात आणि डोळे अजून तयार नसतात. त्याच्या वतीने ते शिक्षकालाच वापरावे लागतात.

हे जुन्या शिक्षकांना चांगलं माहीत होतं. जपानचे शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवायची जी पद्धत उभी केली, तिच्यात मुलाबरोबर आई किंवा वडील तासाला बसतात, स्वतः थोडं शिकतात आणि घरी रोजचा सराव करून घेतात. अगदी लहान मुलांच्या हातात आधी खोटं, खोक्याचं व्हायोलिन देतात. उभं कसं राहायचं, हनुवटी कुठे टेकवायची, बो कसा धरायचा, यावरच कितीतरी दिवस जातात. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिनचा पाया मिळायचा. त्या परंपरेतून आलेले वादक पुढे मुंबईच्या सिनेसंगीताचा कणा झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. आणि मराठी घरांमध्ये व्हायोलिन गातं हे ज्यांच्यामुळे पटलं ते प्रभाकर जोग. या सगळ्यांच्या मागे सुरुवातीला हात धरून बसवणारं कुणीतरी होतंच.

म्हणून ऑनलाइन व्हायोलिन शिकवूच नये का? तसं नाही. न्यू जर्सीतल्या मुलीला मराठीतून ‘सा’ लावायला सांगणारी ताई तिथे सहज मिळत नाही. लातूर-नंदुरबारकडच्या मुलाला तर व्हायोलिन शिकवणारं जवळपास कुणी मिळणंच कठीण. परीक्षांचीही दारं उघडली आहेत. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश मंडळांनी २०२० पासून व्हिडिओ रेकॉर्डिंगवर परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पडदा उपयोगाचा आहेच. फक्त पडद्याला काय दिसत नाही, हे शिकवणाऱ्याला ठाऊक हवं आणि त्याची सोय त्याने करून घ्यायला हवी.

उलटा भाव

दोन्ही कॉल शेजारी ठेवून पाहिले, की बाजाराचा एक विचित्र नियम दिसतो. नवशिक्यांना शिकवणं हे सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात स्वस्त. ‘बिगिनरच तर आहे, कुणीही शिकवेल.’ प्लॅटफॉर्म हेच गृहीत धरतात, पालकही धरतात आणि शिकवायला बसलेले आपणही. इंग्रजीत पहिल्या तीन महिन्यांत मुलगा बोलायला घाबरतो, वाक्य मराठीतून जुळवतो, उच्चार चुकीचे पक्के करतो. याच वेळी त्याला अनुभवी माणूस हवा असतो. मशीन त्याला उत्तर देईल, पण तो ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’ का म्हणतोय, हे मराठी घरात वाढलेल्या शिक्षिकेला पटकन कळतं. ‘मला दोन भाऊ आहेत’मधला ‘आहेत’ तिथे शिरलाय, हे तिला स्वतःच्या अनुभवातून माहीत असतं. परदेशी जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’ला जास्त भाव असतो. मराठी नवशिक्यासाठी मात्र हीच आपली जमेची बाजू आहे आणि ती आपण क्वचितच सांगतो.

म्हणजे जे काम मशीनला आणि स्वस्त बाजाराला सगळ्यात कमी जमतं, तेच आपण सगळ्यात स्वस्तात विकतोय.

हक्कांचं काय?

‘आम्ही शिक्षक, डिलिव्हरीवाले थोडेच आहोत,’ असं आपल्यातल्या अनेकांना वाटतं. कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर फरक फारसा नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात पहिल्यांदाच गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या आहे. अॅग्रिगेटर कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत द्यायची, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही, अशी तरतूद आहे. ज्या प्रकारच्या कंपन्यांना हे लागू होतं त्या यादीत टॅक्सी आणि खाद्यपदार्थांची डिलिव्हरी यांची नावं स्पष्ट आहेत. ऑनलाइन शिकवणीचं वेगळं नाव नाही. ‘व्यावसायिक सेवा’ आणि ‘इतर कोणतीही सेवा’ या सदरांत ती बसू शकते. बसते की नाही, हे शिक्षक स्वतः विचारत नाहीत तोवर कुणी ठरवायच्या मागे लागणार नाही. परदेशात नोंदणी असलेल्या प्लॅटफॉर्मकडून हा वाटा वसूल कसा होणार, हा पुढचा प्रश्न.

आणि निधी मिळाला तरी रेटिंगचा प्रश्न उरतोच. कर्नाटकने २०२५ मध्ये केलेल्या गिग कामगार कायद्यात, कामावरून काढण्याआधी कारण आणि १४ दिवसांची लेखी सूचना देण्याची अट आहे. आठ मिनिटांच्या उशिरामुळे बुकिंग्ज निम्म्यावर का आल्या, हे विचारायला जागा असणं हा त्याच हक्काचा पुढचा भाग. महाराष्ट्रातल्या तरुण शिक्षकांनी ही मागणी डिलिव्हरी आणि कॅबवाल्यांच्या बरोबरीने करायला हवी. त्यात कमीपणा काही नाही.

तोवर आपण काय करायचं?

प्लॅटफॉर्म विद्यार्थी मिळवायला चांगला. पण सगळी कमाई एकाच प्लॅटफॉर्मवर ठेवू नका. ओळखीतून आलेले, थेट फी देणारे चार विद्यार्थी हे तिथल्या दहा बुकिंग्जपेक्षा जास्त टिकतात. थेट विद्यार्थ्यांशी मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठरवा. फी महिन्याच्या सुरुवातीला, तास रद्द करायचा तर २४ तास आधी, आणि परदेशात विद्यार्थी असेल तर मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलल्यावर कोणाची वेळ हलणार तेही. ओळखीच्या काकूंना नियम कसे सांगायचे, हा संकोच समजू शकते. पण नियम नसले की सगळ्यात जास्त ताण ओळखीवरच येतो.

व्हायोलिन शिकवत असाल तर कॅमेरा समोर नको, उजव्या बाजूने, बोचा हात दिसेल असा. दर तासाला एकदा दुसऱ्या बाजूनेही. लहान मुलाबरोबर घरातलं एक मोठं माणूस बसणार, ही प्रवेशाची अट ठेवा. वाद्य लावता येणं, तार तुटली तर काय करायचं आणि ब्रिज सरळ उभा आहे की नाही, हे आधी त्या मोठ्या माणसाला शिकवा. आणि जमेल तेव्हा, वर्षातून एकदा का होईना, प्रत्यक्ष भेटा. इंग्रजी शिकवत असाल तर सराव मशीनवर सोपवायला हरकत नाही. तुमचा तास चुका ओळखायला आणि भीती घालवायला ठेवा. मिळकतीची नोंद ठेवा, रिटर्न भरा. उद्या कर्ज किंवा व्हिसा हवा असेल तेव्हा ‘मी ऑनलाइन शिकवते’ हे कागदावर दाखवता यायला हवं.

मैत्रिणीने जानेवारीपासून दोन बदल केले. प्लॅटफॉर्मवरचे तास निम्मे केले आणि त्या वेळेत शेजारच्या सोसायटीतल्या पाच मुलांची इंग्रजीची बॅच सुरू केली, समोर बसवून. दुसरा बदल व्हायोलिनच्या फीमध्ये. नव्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने जास्त फी, त्यानंतर कमी. या महिन्यात डोंबिवलीहून एका बाईंनी मुलासाठी फोन केला. फी ऐकून त्या म्हणाल्या, ‘अहो मॅडम, सुरुवातीलाच जास्त? सगळीकडे तर उलटं असतं.’ तिने त्यांना ताठ अंगठ्याची गोष्ट सांगितली. बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, ‘कॅमेरा कुठल्या बाजूला ठेवू?’